पाटी कोणासाठी?

शीळफाट्याच्या चौकातून कल्याणच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना लोखंडाची, लाकडाची, फरशीची दुकाने दिसू लागतात. त्यांतलेच एक आमचे. पाइप, अँगल, पत्रा असा आमचा व्यापार. गल्ल्यापाशी तांबड्या कापडी बांधणीची एक जाड वही असते आणि आवारातून माल भरून निघणाऱ्या प्रत्येक गाडीचा क्रमांक तीत उतरवला जातो. ई-वे बिल आल्यापासून गाडीचा क्रमांक संगणकावर भरावाच लागतो, तेव्हा वहीचे काम खरे तर संपले आहे. पण मुनीमजींनी ती सोडली नाही. संगणकातला आकडा चुकला तर तो ताडून कशाशी पाहायचा, हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

आमचा फाटा म्हणजे क्रमांकांचाच बाजार. मुंब्र्याकडून येणारा जुना मुंबई-पुणे रस्ता इथून पनवेलकडे जातो, महापेकडून नवी मुंबईची वाट येऊन मिळते आणि कटई, मानपाडा करीत कल्याणचा रस्ता फुटतो. ठाण्याची एमएच ०४, कल्याणची ०५, नवी मुंबईची ४३, पनवेलची ४६ या चारही मालिका दिवसभर डोळ्यांसमोरून जात असतात. शिवाय न्हावा शेवा बंदराकडे निघालेले परप्रांतीय कंटेनर. व्यापाऱ्याचा गाडीवानाशी परिचय असतोच असे नाही. त्याचे नाव माहीत नसते, गाव माहीत नसते. चार-पाच लाखांचा माल आपण एका क्रमांकाच्या भरवशावर रस्त्यावर सोडतो आणि रात्री निवांत झोपतो. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा कधी विचारच केला नव्हता. तो करायची वेळ २०२४ च्या चातुर्मासात आली.

त्या दिवशी चौविहार असल्यामुळे मी सूर्यास्तापूर्वी घरी निघून गेलो होतो. मुनीमजी कुलूप लावून बस पकडायला रस्ता ओलांडत होते. ते बासष्ट वर्षांचे, मूळचे साताऱ्याकडचे. माझ्या वडिलांच्या हाताखाली कामाला लागले तेव्हा मी शाळेत होतो. कटईच्या बाजूने आलेल्या एका मोटारसायकलने त्यांना उडवले. चालवणारा क्षणभर थांबला, त्याने मागे वळून पाहिले आणि तो निघून गेला. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते.

पाहणारे तीन जण होते. चहावाला, एक रिक्षावाला आणि शेजारच्या फरशीच्या दुकानातला मुलगा. तिघांचे वर्णन एकच होते. काळी गाडी, जाड टायर, बुटकी बैठक, मागचा मडगार्ड कापलेला. आणि क्रमांक? तो बाजूला होता, शेठ, वाचता आला नाही. आमच्या आवारातल्या कॅमेऱ्यानेही तेच सांगितले. चित्रण पाहायला माझा पुतण्या संगणकासमोर बसला होता. गाडी कॅमेऱ्याकडे पाठ करून निघून जाताना स्पष्ट दिसत होती. पाठीला मात्र काहीच नव्हते. डाव्या अंगाला, चाकाच्या आसापाशी, सुरीच्या पात्यासारखी एक उभी पांढरी रेघ तेवढी होती. पुतण्याने चित्र तीनदा मागे नेले. मग म्हणाला, “काका, प्लेट साइडला आहे.” आणि गप्प बसला.

तो का गप्प बसला हे मला कळले होते. बाहेर आवारात त्याची स्वतःची बुलेट उभी होती. तिचाही मडगार्ड कापलेला होता, आणि तिचीही पाटी डाव्या अंगाला, आसावर बसवलेल्या लोखंडी पट्टीवर उभी होती.

ती गाडी घ्यायला पैसे मी दिले होते, हे इथे सांगितले पाहिजे. २०१७ ची बुलेट, सीएची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल. पुढे त्याने ती ‘बॉबर’ करून घेतली, म्हणजे मागचा अनावश्यक वाटणारा सगळा भाग छाटून गाडी बुटकी, उघडीवाघडी करायची. मला त्यातले फारसे कळत नव्हते, पण मागचे जाड चाक मोकळे दिसते ते झोकदार वाटले होते. दसऱ्याला वाहनपूजेच्या वेळी त्या बाजूच्या पाटीवर कुंकवाचा स्वस्तिक मीच काढला होता. झेंडूचा हारही तिच्यावरूनच सोडला होता. कुंकू, हार आणि वर आडवी पाटी. त्या दिवशी तो क्रमांक कोणाला वाचता आला असता?

पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पुष्कळ कॅमेरे तपासले गेले. गाडी सापडली नाही.

इथून पुढे हिशोबाचा भाग आहे आणि तो प्रत्येक व्यापारी घराने समजून घ्यावा असे मला वाटते, कारण आपल्याकडे कामाला असणारी बहुतेक माणसे पायी रस्ता ओलांडतात. धडक देणारे वाहन ओळखता आले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आणि मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये भरपाई ठरलेली आहे. ती वाहनाच्या विमा कंपनीकडून येते. त्याऐवजी दावा न्यायाधिकरणाकडे जाऊन बुडालेली मिळकत, दवाखान्याचा खर्च, कायमचे अपंगत्व यांचा हिशोब मांडून अधिकही मागता येते. वाहन ओळखता आलेच नाही तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेली ‘हिट अँड रन’ योजना आहे. तिच्यात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. त्याआधी तर हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार असे होते.

अडीच लाखांतून पन्नास हजार वजा केले की दोन लाख उरतात. मुनीमजींच्या बाबतीत वाचता न आलेल्या एका पाटीची किमान किंमत इतकी होती. मांडीत सळई बसवण्याचा खर्च आमच्या पेढीने केला, त्याचे काही नाही. पण ज्याच्याकडे पेढी नाही, मुनीमकी नाही, असा एखादा हमाल त्या जागी असता तर?

एवढे होऊनही पुतण्याची पाटी पुढचे कित्येक महिने जागची हलली नाही. मीही बोललो नाही. दिलेल्या भेटीत खोट काढणे जड जाते, हे एक कारण. दुसरे असे की माझा पुतण्या गाडी जपून चालवतो. तो कोणाला उडवून पळून जाणारा नाही, मग त्याच्या पाटीने काय बिघडते, असे मी मनाशी म्हणत होतो. आपल्या माणसाच्या बाबतीत सगळेच असे म्हणतात.

शेवटी विषय निघाला तो सरकारी आदेशामुळे. १ एप्रिल २०१९ नंतर विकली गेलेली वाहने उच्च सुरक्षा क्रमांकपाटी घेऊनच येतात. त्यापूर्वीच्या वाहनांना महाराष्ट्रात ती लावून घेण्याचा आदेश झाला आणि २०२५ मध्ये त्याची मुदत वरचेवर वाढत गेली. दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. अॅल्युमिनियमची पाटी, तीवर अशोकचक्राचे होलोग्राम, लेझरने कोरलेला अनुक्रमांक आणि एकदा बसवले की तोडल्याशिवाय न निघणारे कुलूप. पुतण्याने दिवस ठरवून गाडी नेली आणि तासाभराने तशीच परत आणली. बसवणाऱ्या कारागिराने बाजूची पट्टी पाहून हात जोडले होते. मागे जागा करून आणा, मग लावतो.

त्या रात्री जेवण लवकर आटोपून आम्ही दोघे गच्चीवर बसलो. तो सीए असल्यामुळे नियमाची पुस्तके काढूनच आला होता.

“काका, नियम ५० वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. क्रमांक पुढे आणि मागे स्पष्ट, सुवाच्य दिसेल असा हवा. बाजूला लावू नका, असे कुठे लिहिले आहे?”

“मागे हवा, असे लिहिले आहे ना?”

“मागच्या चाकापाशीच तर आहे.”

“वाचता येतो?”

“जवळ आले की येतो.”

मग त्याने दूरदूरचे दाखले काढले. मोटारींना पाटी लावण्याची सक्ती प्रथम पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली केली आणि त्या हुकुमात पाटी गाडीच्या डाव्या बाजूला लावण्यास सांगितले होते, हा त्याचा हुकमी एक्का. मला मौज वाटली. पण हुकूम पुढे वाचल्यावर निघाले की पाटीवर क्रमांकाबरोबर मालकाचे नाव आणि पत्ताही हवा होता, आणि ती कधीही झाकली जाऊ नये अशी अट होती. मी म्हटले, “नाव-पत्ता लिहून लाव, मग डाव्या बाजूचे बोलू.” अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात उभी पाटी चालते, हेही त्याने सांगितले. तिथेही अट आहेच: मालकाचे टोलचे आगाऊ भरणा केलेले खाते चालू हवे आणि त्याचे यंत्र गाडीवर बसवलेले हवे. म्हणजे ज्याची पाटी वाकडी, त्याची ओळख दुसऱ्या मार्गाने पक्की करून घेतली आहे. उधारीवर माल देताना आपणही हेच करतो.

“ट्रकांच्या बाजूला नंबर असतो,” तो म्हणाला.

“बाजूलाही असतो,” मी म्हटले.

त्याचा शेवटचा दाखला मात्र मला निरुत्तर करणारा होता. “आजोबांच्या बुलेटला काय होते?”

आमच्या बैठकीत वडिलांचे एक छायाचित्र आहे. धोतर, काळी टोपी आणि खाली बुलेट. तिच्या पुढच्या मडगार्डवर चंद्रकोरीसारखी एक पाटी उभी आहे, गाडीच्या लांबीला धरून, दोन्ही अंगांनी वाचता यावी अशी. ती विलायतेची रीत. ब्रिटनमध्ये पुढच्या चाकावर तशी पाटी असे आणि तिची सक्ती १९७५ साली उठली. तिकडे लोक तिला पादचाऱ्याला कापणारी म्हणत. म्हणजे बाजूने वाचायची पाटी ही आजच्या तरुणांची टूम नाही. आमच्या वडिलांच्या गाडीवर ती राजरोस होती आणि आम्ही मुले तिच्यावर बोट फिरवून आकडे शिकलो.

मग मी त्यालाच नियम ५० पुढे वाचायला सांगितला. त्यात दुचाकीच्या पुढच्या क्रमांकाविषयी स्वतंत्र वाक्य आहे. तो हँडलला समांतर, समोर तोंड करून लावावा, मडगार्डवर चालेल. गाडीच्या अक्षाच्या रेषेत पाटी नको. आजोबांच्या चंद्रकोरीलाच उद्देशून ते वाक्य असावे, इतके ते नेमके आहे. आणि त्यामागचा विचार सरळ आहे. गाडी ज्याच्या अंगावर येते तो माणूस समोर असतो. गाडी जेव्हा पळते, तेव्हा तो मागे पडलेला असतो. बाजूला असतो तो प्रेक्षक. समोरच्याला आणि मागच्याला अक्षाच्या रेषेतली पाटी म्हणजे नुसती एक धार दिसते, आमच्या कॅमेऱ्याला दिसली तशी.

बाकीची कलमे आम्ही भराभर पाहिली. अक्षरांची मापे नियम ५१ मध्ये मिलिमीटरने दिली आहेत: दुचाकीच्या मागे अक्षरे ३५ मिलिमीटर उंच, अंक ४०. अक्षरे इंग्रजी आणि अंक आपण ज्यांना इंग्रजी म्हणतो ते. म्हणून ४१४१ ची वळणदार ‘दादा’ किंवा ८०५५ चा ‘बॉस’ करणे हाही गुन्हाच. मडगार्ड कापणे, रचना बदलणे हे तर आणखी वेगळे प्रकरण. कलम ५२ ते अडवते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही असे म्हटले आहे, आणि कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुतण्याने बोटांवर बदल मोजले आणि बेरीज न सांगता फोन खाली ठेवला.

मला त्या रात्री दुसरीच यादी आठवत होती. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार सांगितले आहेत. चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, विरुद्धराज्यातिक्रम, खोटी मापे वापरणे आणि भेसळ. खोट्या मापांचे आम्ही फार कडक. वजनकाट्याची दरवर्षी तपासणी करून मुद्रा उमटवून घेतो, जीएसटीचा क्रमांक दुकानाच्या फलकावर लिहिलेला आहे. मधला शब्द मात्र प्रतिक्रमणात जीभ सराईतपणे ओलांडून जाते. विरुद्धराज्यातिक्रम याचा जुना अर्थ प्रामुख्याने शत्रुराज्याच्या हद्दीत मर्यादा मोडून केलेला व्यापार असा. राज्याचे नियम ओलांडणे हा व्यापक अर्थ आज व्याख्यानांतून ऐकायला मिळतो. त्याची गणना असत्यात न करता चोरीत का केली असेल, हे मला तोवर कळले नव्हते. मुनीमजींचे ते दोन लाख डोळ्यांसमोर आणले तेव्हा थोडे कळले. क्रमांक लपवणारा कोणाच्या खिशात हात घालत नाही, पण एक हक्क घेऊन जातो.

मी हे पुतण्याला सांगितले नाही. त्याला एवढेच विचारले, “त्या माणसाने पुढच्या संवत्सरीला क्षमा मागायची ठरवली, तर तो आपल्याकडे येऊ शकतो. त्याला जागा माहीत आहे. मुनीमजींना क्षमा करायची असेल तर ते कोणाकडे जातील?”

तो बराच वेळ गच्चीच्या कठड्याशी उभा राहिला. मग म्हणाला, “काका, नियम १०५ मध्ये एक अंतर दिले आहे. मागच्या पाटीवर पांढरा दिवा हवा आणि क्रमांक रात्री पंधरा मीटरवरून वाचता आला पाहिजे. उद्या मोजून पाहू.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दुकानाच्या आवारात आम्ही पत्रे मोजायची पट्टी जमिनीवर अंथरली. मुनीमजी एव्हाना काठीवर दुकानात येऊ लागले होते. अर्धा दिवस बसतात, वही बघतात. त्यांना काय चालले आहे ते आम्ही सांगितले नाही, पण त्यांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलवून पट्टीच्या पंधरा मीटरच्या खुणेवर आणायला लावली आणि चश्मा पुसून बसले.

पुतण्याने गाडी सुरू केली. मागे तांबडा दिवा लागला, पाटीवरचा इवलासा दिवाही लागला. मुनीमजींनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे.

“काही दिसत नाही, छोटे शेठ.”

“थोडे डावीकडे सरका ना मुनीमजी.”

“मी त्या दिवशी सरकू शकत होतो का?”

ते रागाने बोलले नव्हते. त्यांच्या स्वभावात राग नाही. पुतण्याने गाडी बंद केली.

मूळ मडगार्ड त्याने विकून टाकला होता. नवा मागवावा लागला, तो यायला दोन आठवडे गेले. दोन माणसांची बैठक परत बसली. गाडी पुन्हा सर्वसाधारण दिसू लागली आणि त्याचे मित्र त्याला दूधवाला म्हणू लागले, हेही नमूद करतो, कारण त्या वयात ते सोपे नसते. मग पुन्हा दिवस ठरवून पाटी बसली, मधोमध, कुलूपबंद. बाजूची लोखंडी पट्टी आमच्याच भंगारात गेली. वजन साडेचारशे ग्रॅम भरले.

त्या संध्याकाळी मुनीमजींनी आपणहून खुर्ची मागवली. पट्टी अंथरली गेली, दिवा लागला, आणि ते गाडी भरताना वाचतात त्याच सुरात मोठ्याने वाचू लागले. एमएच ०४ पर्यंत बरोबर आले, पुढची दोन अक्षरेही. आकड्यांत तिसऱ्या ठिकाणी ते अडले. तीन की आठ?

पुतण्या खाली बसला. नव्या पाटीवर कारागिराच्या बोटांचे तेल लागले होते. त्याने रुमालाने ते पुसले आणि बाजूला झाला.

“आठ,” मुनीमजी म्हणाले, आणि त्यांनी वही मागितली.